बंद केलेलं कनेक्शन बंद का होत नाही

लिनक्स सर्व्हरवर एसएस ही आज्ञा टी, ए आणि एन हे पर्याय जोडून चालवली की मशीनवरच्या सगळ्या टीसीपी (दोन मशीनमध्ये माहिती खात्रीने पोहोचवण्याची पद्धत) कनेक्शनची यादी समोर येते. गर्दीच्या वेब सर्व्हरवर त्या यादीत जिवंत कनेक्शनपेक्षा संपत आलेल्यांचाच भरणा जास्त असतो. पहिल्या रकान्यात कुठे टाइम-वेट, कुठे क्लोज-वेट, कुठे फिन-वेट-२. हे पाहून अनेकजण दचकतात आणि कुठूनतरी उचललेल्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, चार सेटिंग बदलून टाकतात. त्यातली एखादी तरी हमखास भलत्याच अवस्थेसाठी असते.

खरं निदान त्या पहिल्या रकान्यातच लिहिलेलं असतं. कनेक्शन रेंगाळतंय म्हणजे ते कशाची तरी वाट पाहतंय, आणि कशाची ते अवस्थेच्या नावावरून कळतं. टाइम-वेट फक्त घड्याळाची वाट पाहतं. क्लोज-वेट आपल्याच प्रोग्रॅमची, फिन-वेट-२ पलीकडच्या प्रोग्रॅमची, तर फिन-वेट-१ आणि लास्ट-ॲक पलीकडच्या मशीनकडून येणाऱ्या पोचेची. चारही ठिकाणी उपाय वेगळा, आणि पहिल्या ठिकाणी तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं.

निरोप घ्यायची पद्धत

टीसीपी कनेक्शन म्हणजे उलटसुलट दिशांनी वाहणारे दोन स्वतंत्र प्रवाह, आणि ते बंदही स्वतंत्रपणे होतात. ज्याचं पाठवून संपलं तो फिन (‘माझं संपलं’ सांगणारं पॅकेट) पाठवतो, समोरचा त्याला पोच म्हणजे ॲक देतो. इथे एकच दिशा बंद झाली. फोनवर एकाने ‘चल, ठेवतो’ म्हटलं तरी दुसऱ्याचं ‘अरे, एक राहिलंच’ सुरू राहू शकतं, तसं हे. दुसऱ्याचंही संपलं की तो आपला फिन पाठवतो आणि पहिला त्याला पोच देतो. एकूण पॅकेटं चार. मधली दोन पुष्कळदा एकत्र निघतात, म्हणून टीसीपीडम्प या पॅकेटं दाखवणाऱ्या साधनात तीनच दिसली तर त्यात वावगं काही नाही.

फिन आधी पाठवणाऱ्याचा प्रवास असा: पाठवला की फिन-वेट-१, त्याची पोच आली की फिन-वेट-२, समोरचा फिन आला की टाइम-वेट. ज्याला फिन आधी मिळाला तो क्लोज-वेटमध्ये जातो, आपला फिन पाठवला की लास्ट-ॲकमध्ये, आणि त्याची पोच आली की सुटतो. क्लायंट कोण आणि सर्व्हर कोण याला इथे काही महत्त्व नाही. आधी बंद कोणी केलं, एवढंच मोजलं जातं.

टाइम-वेट: आजार नव्हे, पथ्य

शेवटची पोच पाठवणाऱ्याची अडचण अशी की ती पोहोचली का, हे त्याला कोणी सांगत नाही. ती वाटेत हरवली तर समोरचा आपला फिन पुन्हा पाठवेल. तोवर इकडे कनेक्शनची नोंदच पुसली गेली असेल, तर कर्नल त्या फिनला रीसेटने, म्हणजे कनेक्शन तडकाफडकी तोडणाऱ्या पॅकेटने, उत्तर देईल आणि समोरच्या प्रोग्रॅमला सुरळीत संपलेल्या व्यवहाराच्या शेवटी त्रुटी दिसेल. म्हणून नोंद थोडा वेळ जपून ठेवायची, फिन पुन्हा आला तर पुन्हा पोच द्यायची.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कनेक्शनची ओळख चार आकड्यांवर ठरते: दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि दोन्ही पोर्ट. हेच चार आकडे घेऊन लगेच नवं कनेक्शन उघडलं, आणि जुन्याचं एखादं भरकटलेलं पॅकेट तेव्हा येऊन पोहोचलं, तर ते नव्या कनेक्शनच्या माहितीत मिसळू शकतं. त्याचा क्रमांक (टीसीपी प्रत्येक बाइटला एक देतं) नेमका स्वीकारार्ह टप्प्यात पडायला हवा, त्यामुळे हे क्वचित घडतं. पण क्रमांक ३२ बिटांचाच आहे. सेकंदाला १ गिगाबिट वेगाने तो साधारण ३४ सेकंदांत पूर्ण फिरून पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे वेगवान जाळ्यात ‘क्वचित’ या शब्दावर विसंबणं बरं नाही.

किती थांबायचं? १९८१ च्या आरएफसी ७९३ या टीसीपीच्या अधिकृत दस्तऐवजाने पॅकेटचं जास्तीत जास्त आयुष्य २ मिनिटं धरलं आणि थांबायचा काळ त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिनिटं ठेवला. ती जागा आता २०२२ च्या आरएफसी ९२९३ ने घेतली आहे, आकडा तोच आहे. प्रत्यक्षात कोणी तो तंतोतंत पाळत नाही. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंद आहे आणि तो कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेला आहे, तो बदलायला सेटिंग नाही.

इथेच सर्वांत पसरलेला गैरसमज येतो. टीसीपी_फिन_टाइमआउट ही सेटिंग ६० वरून १५ केली की टाइम-वेट लवकर संपतात, असं शेकडो ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ती सेटिंग फिन-वेट-२ साठी आहे. दोन्हींचा डीफॉल्ट आकडा ६० असल्यामुळे हा घोळ वर्षानुवर्षं टिकून आहे.

आता खरा प्रश्न: हजारो टाइम-वेट साचले तर बिघडतं काय? सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर जवळजवळ काहीच नाही. एका नोंदीला काहीशे बाइट लागतात. दहा हजार नोंदी म्हणजे काही मेगाबाइट. फाइल डिस्क्रिप्टर (उघडी फाइल किंवा सॉकेट ओळखायचा प्रोसेसचा आकडा) तर मुळीच अडत नाही, कारण प्रोग्रॅमने सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं त्याच्याकडचं टोक, केव्हाच सोडून दिलेलं असतं. सर्व्हरचं ४४३ हे पोर्टही संपत नाही; प्रत्येक क्लायंटचा पत्ता आणि पोर्ट वेगळं, म्हणून चार आकड्यांची चौकडी वेगळी. शिवाय तीच चौकडी घेऊन नवी विनंती आलीच, तर क्रमांक किंवा टाइमस्टॅम्प (पॅकेटवरची वेळेची खूण) जुन्यापेक्षा पुढचा आहे हे पाहून लिनक्स ती स्वीकारतो.

अडचण येते ती स्वतःहून कनेक्शन उघडणाऱ्याला. समजा, पुढे एन्जिनएक्स हा प्रॉक्सी (विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पोहोचवणारा सर्व्हर) आहे आणि तो प्रत्येक विनंतीसाठी मागच्या एकाच मशीनवरच्या ८०८० पोर्टवर नवं कनेक्शन उघडतो. चारपैकी तीन आकडे इथे ठरलेले. बदलतं ते फक्त मूळ पोर्ट. लिनक्स ते ३२७६८ ते ६०९९९ यांमधून देतो, म्हणजे २८,२३२ पोर्टं. एकदा वापरलेलं पोर्ट ६० सेकंद अडकणार असेल, तर सेकंदाला सुमारे ४७० पेक्षा जास्त नवी कनेक्शनं उघडता येत नाहीत. त्यापुढे ‘मागितलेला पत्ता देता येत नाही’ अशा अर्थाची त्रुटी येते, आणि प्रोसेसर निवांत असताना सर्व्हर ५०२ (‘मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही’) देऊ लागतो. विंडोजवर डीफॉल्ट टप्पा ४९१५२ पासून पुढचा, म्हणजे १६,३८४ पोर्टांचाच असल्यामुळे ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे कनेक्शन पुन्हा वापरणं: प्रॉक्सीत अपस्ट्रीम कीपअलाइव्ह (मागच्या सर्व्हरशी कनेक्शन उघडंच ठेवणं), डेटाबेससाठी पूल (तयार कनेक्शनचा साठा), एचटीटीपी क्लायंट दर विनंतीला नव्याने न बनवता एकच ठेवणं. एन्जिनएक्स बराच काळ मागच्या सर्व्हरशी डीफॉल्टने एचटीटीपी १.० बोलत असे आणि प्रत्येक विनंतीनंतर कनेक्शन बंद करत असे, म्हणून आवृत्ती १.१ आणि रिकामं कनेक्शन हेडर हे दोन्ही मुद्दाम लिहावं लागे. ते जमत नसेल तर पोर्टांचा टप्पा १०२४ ते ६५५३५ करा. मर्यादा सेकंदाला सुमारे १,०७५ वर जाते. पण मग आपल्याच सेवांची ८०८०, ३३०६ अशी पोर्टं राखीव यादीत घालायला विसरू नका, नाहीतर एखाद्या रीस्टार्टच्या वेळी ती दुसऱ्याच कोणाच्या हातात गेलेली सापडतील. मागच्या सर्व्हरला आणखी एखादा आयपी पत्ता दिला तरी चौकड्या दुप्पट होतात.

टीसीपी_टीडब्ल्यू_रीयूज ही सेटिंग त्या मानाने सुरक्षित आहे. आपण उघडत असलेल्या कनेक्शनपुरती ती लागू होते. टाइम-वेटमधलं पोर्ट सेकंदभरानंतर पुन्हा वापरू देते आणि जुनं-नवं ओळखायला टाइमस्टॅम्पचा आधार घेते. लिनक्स ४.१९ पासून तिचं डीफॉल्ट मूल्य २ आहे, म्हणजे मशीनच्या आतल्या आत जाणाऱ्या कनेक्शनपुरती ती चालूच असते.

तिची जुळी वाटणारी टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल मात्र घातक होती. एकाच आयपीवरून आलेल्या विनंत्यांचे टाइमस्टॅम्प वाढतच जायला हवेत असं ती धरून चालायची. एका ऑफिसातली पन्नास मशीनं एकाच नॅटमागून (सगळ्यांना बाहेर एकच आयपी देणारं उपकरण) येतात, प्रत्येकाचा टाइमस्टॅम्प वेगळा. मग ज्यांचा आकडा मागे त्यांच्या विनंत्या कर्नल गुपचूप टाकून द्यायचा. शेजारच्या टेबलावर साइट उघडते, माझ्याकडे उघडत नाही, अशा तक्रारींचं ते एक खात्रीचं मूळ होतं. २०१७ मध्ये लिनक्स ४.१२ मधून ती काढून टाकली. आजही जुन्या सेटिंग फाइलची नव्या मशीनवर नक्कल करतात तेव्हा ‘अशी सेटिंग नाही’ अशी तक्रार येते, ती हिचीच.

सर्व्हर रीस्टार्ट करताना ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असं येतं, तेही टाइम-वेटमुळेच असू शकतं. त्यासाठी कर्नलला हात लावायचा नाही. ऐकणाऱ्या सॉकेटवर बाइंड करण्याआधी (पोर्टशी जोडण्याआधी) एसओ_रीयूजअ‍ॅड्रेस लावायचं. लिनक्सवर याने टाइम-वेटचा अडथळा दूर होतो, मात्र दुसरी प्रोसेस खरोखर त्या पोर्टवर ऐकत असेल तर ते नकारच देतं. विंडोजवर याच पर्यायाचा अर्थ वेगळा आहे. तिथे दुसरी प्रोसेस चालू पोर्ट बळकावू शकते, तेव्हा लिनक्सचा कोड तिकडे तसाच नेऊ नये.

क्लोज-वेट: हा मात्र आजारच

पलीकडच्याने निरोप घेतला, आपल्या कर्नलने त्याला पोचही दिली. आपल्या प्रोग्रॅमने सॉकेट बंद करायचं तेवढं राहिलं. यासाठी कुठलाही टाइमर नाही, आणि तो नसणंच योग्य आहे: प्रोग्रॅमला अजून काही पाठवायचं असेल तर कर्नलने मध्ये पडू नये. त्यामुळे प्रोग्रॅम विसरला तर क्लोज-वेट दिवसेंदिवस तसंच राहतं. दोन-चार आले-गेले तर ठीक. आकडा फक्त वाढतच असेल तर कोडमध्ये गळती आहे, आणि ती कुठल्याही कर्नल सेटिंगने थांबत नाही.

प्रत्येक क्लोज-वेट एक फाइल डिस्क्रिप्टर अडवून बसतं. अनेक ठिकाणी एका प्रोसेसची मर्यादा १०२४ असते. मिनिटाला एक डिस्क्रिप्टर गळला तर साधारण १७ तासांत ती भरते आणि ‘खूप जास्त फाइली उघड्या’ ही त्रुटी सुरू होते. रोज पहाटे रीस्टार्ट केला की छान चालणारे सर्व्हर असतात, त्यातल्या काहींचं गुपित हेच.

शोध कसा घ्यायचा? एसएसला पी हा पर्यायही जोडला की प्रत्येक कनेक्शनसमोर प्रोसेसचं नाव आणि क्रमांक येतो. मग रिसीव्ह-क्यू (आलेलं पण न वाचलेलं किती) हा रकाना बघा. क्लोज-वेटसमोर तिथे १ किंवा जास्त असेल, तर प्रोग्रॅमने शेवट झाल्याची खूण अजून वाचलेलीच नाही: धागा दुसरीकडे अडकला आहे, डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहतो आहे, किंवा पूलमध्ये पडून असलेल्या कनेक्शनकडे कोणाचं लक्ष नाही. (फिनलाही एक क्रमांक लागतो, म्हणून वाचायचं काही नसताना १ दिसतो.) तिथे ० असेल, तर खूण वाचली आहे पण बंद केलेलं नाही. हा बहुधा अपवाद हाताळणाऱ्या वाटेवरचा दोष असतो: नेहमीच्या वाटेवर क्लोज आहे, त्रुटी आली की ती ओळ ओलांडली जाते. जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस, पायथनमध्ये विथ, गोमध्ये प्रतिसादाच्या बॉडीवर डिफर क्लोज, ही साधनं याचसाठी आहेत.

एक आडवळणाचं कारणही लक्षात असू द्या. प्रोग्रॅमने दुसरी प्रोसेस सुरू केली तर उघड्या सॉकेटची प्रत तिच्याकडेही जाऊ शकते. मग मूळ प्रोग्रॅमने क्लोज म्हटलं तरी फिन जातच नाही. शेवटची प्रत बंद होईपर्यंत कर्नल थांबतो. अशा वेळी एसएस एकाच सॉकेटसमोर दोन प्रोसेस दाखवतो. सॉकेट उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेक (नवा प्रोग्रॅम सुरू होताच ती प्रत आपोआप बंद करणारी खूण) लावणं हा त्यावरचा उपाय. सॉकेटवरचं शटडाउन (मशीन बंद करण्याची आज्ञा नव्हे) प्रतींची पर्वा न करता फिन पाठवतं.

फिन-वेट-२ आणि न वाचलेल्या माहितीचा घोळ

आपल्याकडे फिन-वेट-२ साचत असतील, तर पलीकडे कुठेतरी तितकेच क्लोज-वेट असतात. नाणं एकच, बाजू दोन. प्रोग्रॅमने सॉकेट पूर्ण सोडून दिलं असेल तर लिनक्स ६० सेकंद थांबून ही नोंद पुसतो, आणि टीसीपी_फिन_टाइमआउट लागू होतं ते इथे. पण प्रोग्रॅमने फक्त शटडाउन करून वाचण्याची बाजू उघडी ठेवली असेल, तर हा टाइमर लागत नाही. मुदत प्रोग्रॅमनेच पाळायची. नव्वदच्या दशकात अपाची या वेब सर्व्हरच्या १.२ आवृत्तीच्या वेळी या अवस्थेने सर्व्हर चालवणाऱ्यांना बराच ताप दिला होता. काही ब्राउझर सर्व्हरने बंद केलेलं कनेक्शन आपल्या बाजूने वेळेवर बंद करत नसत, आणि तेव्हाच्या काही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फिन-वेट-२ ला मुदतच नव्हती. भर पडली ती त्याच आवृत्तीतल्या एका चांगल्या सुधारणेची. ती काय होती हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तो प्रश्न आजही तसाच आहे.

कोणीतरी १०० मेगाबाइटची फाइल अपलोड करतंय आणि सर्व्हरची मर्यादा १ मेगाबाइटची आहे. सर्व्हर हेडर पाहूनच ४१३ चं (‘फाइल फार मोठी’) उत्तर लिहितो आणि सॉकेट बंद करतो. सरळ वाटतं. पण क्लायंटची माहिती अजून येतेच आहे, आणि सर्व्हरच्या बफरमध्ये न वाचलेले बाइट पडलेले आहेत. अशा स्थितीत क्लोज केलं की कर्नल फिनऐवजी रीसेट पाठवतो, ‘तू पाठवलेलं मी वाचलं नाही’ हे कळवण्यासाठी. तो रीसेट पोहोचला की क्लायंटचा कर्नल, आलेलं पण अजून न वाचलेलं ४१३ चं उत्तरही फेकून देऊ शकतो. वापरणाऱ्याला ‘फाइल मोठी आहे’ हा निरोप मिळतच नाही, दिसतं ते ‘कनेक्शन रीसेट झालं’. आणि हे कधी होतं, कधी होत नाही, कारण सगळं पॅकेटांच्या वेळेवर अवलंबून.

म्हणून चांगले वेब सर्व्हर मुद्दाम रेंगाळतात (अपाची १.२ मधली ती सुधारणा हीच). आधी शटडाउन करून फक्त आपली लिहिण्याची दिशा बंद करायची, म्हणजे फिन जातो. मग क्लायंट जे पाठवत राहील ते वाचून टाकून द्यायचं, त्याचा फिन येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत. शेवटी क्लोज. एन्जिनएक्समध्ये याच्या दोन मुदती आहेत: नवीन काही न आल्यास ५ सेकंद, आणि एकूण ३० सेकंद. अपाचीतही एकूण कमाल ३० सेकंदच आहे. स्वतः सर्व्हर लिहिणाऱ्यांकडून हमखास राहून जाणारी पायरी ही आहे.

याच्या अगदी उलट वागणं म्हणजे एसओ_लिंगर हा सॉकेटचा पर्याय शून्य सेकंदांवर ठेवणं. टाइम-वेट नको म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने क्लोज करताच पाठवायची राहिलेली माहिती फेकली जाते आणि समोर रीसेट जातो. टाइम-वेट खरंच दिसेनासे होतात, आणि त्यांच्याबरोबर कधीकधी उत्तराचा शेवटचा तुकडाही. लोड टेस्टिंगमध्ये किंवा त्रास देणाऱ्या क्लायंटला हाकलताना हे चालेल. बिलाची पावती पाठवणाऱ्या सेवेत नाही. शून्याऐवजी ५ किंवा १० ठेवलं तर क्लोज तेवढे सेकंद पोच येण्याची वाट पाहतं, पण ती पोच समोरच्या कर्नलची असते. प्रोग्रॅमने माहिती वाचली का, हे त्याच्याच उत्तराशिवाय कळायला मार्ग नाही.

फिन-वेट-१ आणि लास्ट-ॲक यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फिन पाठवला, पोच आली नाही, कर्नल दर वेळी दुप्पट थांबून पुन्हा पाठवतो आहे. लिनक्स साधारण आठ प्रयत्नांनंतर सोडून देतो; वेगवान जाळ्यात त्याला दीड-दोन मिनिटं लागतात. सेंड-क्यू (पाठवलेलं पण पोच न आलेलं किती, तो रकाना) मोठा दिसत असेल तर समोरचा माहिती वाचतच नाहीये आणि फिन तिच्यामागे रांगेत उभा आहे, असं समजा.

निरोपच न घेतलेली कनेक्शनं

सर्वांत फसवी असतात ती यादीत ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणून मिरवणारी. समोरच्या मशीनची वीज गेली, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, किंवा मधल्या फायरवॉलने शांत पडलेल्या कनेक्शनची नोंद पुसली. फिन कोणी पाठवलाच नाही, मग इकडे कळणार कसं? टीसीपीत गप्प बसण्याला मर्यादा नाही.

टीसीपीचं स्वतःचं कीपअलाइव्ह (शांत कनेक्शनवर ‘आहेस का?’ अशी विचारणा) आहे, पण लिनक्सचा डीफॉल्ट बघा: ७२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा. मेलेलं कनेक्शन ओळखायला २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. मधली उपकरणं इतकी धीराची नसतात. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडचा नॅट गेटवे ३५० सेकंदांनी नोंद सोडतो, मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडचा लोड बॅलन्सर डीफॉल्टने ४ मिनिटांनी. म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिलीच डेटाबेस क्वेरी लटकते. पहिली विचारणा १२० सेकंदांवर, अंतर ३० आणि प्रयत्न ४ असं ठेवलं तर दोन्ही मर्यादांच्या आत राहता येतं. मात्र नुसत्या या कर्नल सेटिंग बदलून काहीच होत नाही. प्रोग्रॅमने त्या सॉकेटवर कीपअलाइव्ह चालू केलेलं असेल तरच त्या लागू होतात. पूलमध्ये कनेक्शन रिकामं ठेवायची मुदतही मधल्या उपकरणाच्या मुदतीपेक्षा कमी हवी, म्हणजे बंद करण्याचा पुढाकार आपल्याकडे राहतो.

आणि ती लटकलेली क्वेरी? तिथे कीपअलाइव्ह उपयोगी नाही, कारण पाठवलेल्या माहितीची पोच येणं बाकी असेल तर विचारणा थांबते आणि पुनर्प्रेषणाचे नियम चालतात. टीसीपी_रीट्राइज२ चं डीफॉल्ट मूल्य १५ आहे. प्रत्येक वेळी वाढत जाणारी थांबण्याची वेळ धरली तर त्रुटी मिळायला १५ मिनिटांहून जास्त लागतात. ते आवरायला सॉकेटवर टीसीपी_यूजर_टाइमआउट लावायचं. आकडा मिलिसेकंदांत द्यायचा असतो: ३० सेकंद हवे असतील तर ३०,०००.